बुडालेल्या देशाची माणसे

१९०७ च्या एप्रिल महिन्यात टोकियोत शिवाजी उत्सव साजरा झाला. टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर सुरू झालेला हा उत्सव सखाराम गणेश देऊस्करांसारख्या बंगालात वाढलेल्या मराठी माणसामुळे कलकत्त्याला पोचला होता. वंगभंगाच्या चळवळीनंतर शिक्षणासाठी जपान गाठणाऱ्या तरुणांनी तो आपल्याबरोबर तिकडे नेला. मुलींच्या एका शाळेच्या सभागृहात ही मंडळी जमली. पाहुणे म्हणून काउंट ओकुमा शिगेनोबु आले होते. ते जपानचे माजी पंतप्रधान आणि वासेदा विद्यापीठाचे संस्थापक. श्रोत्यांमध्ये एक चिनी संपादकही बसला होता. त्याचे नाव चांग ताय-यान.

पुढच्याच महिन्यात 'मिनपाव' या चिनी मासिकाच्या तेराव्या अंकात चांगने या सभेचा वृत्तान्त छापला. महाराजांचे नाव त्याने चिनी लिपीत 'शी-पो-छी राजा' असे लिहिले.

मराठी वाचकाला या गोष्टीचा आनंद होणे साहजिक आहे. पण या वृत्तान्ताचे खरे मोल समजायचे तर तो वाचणाऱ्यांकडे पाहावे लागते. 'मिनपाव' हे सुन यत-सेन यांच्या क्रांतिकारी संघटनेचे मुखपत्र होते आणि त्याचा वाचक मुख्यतः टोकियोत शिकणारा चिनी विद्यार्थी होता. या विद्यार्थ्याला भारतीय माणूस अनोळखी नव्हता. गेली चार-पाच वर्षे तो आपल्याच मित्रांनी चालवलेल्या मासिकांमधून भारतीयांबद्दल वाचत आला होता. जे वाचले होते, ते चांगले नव्हते.

प्रांतांच्या नावाची मासिके

१८९५ च्या युद्धात चीन जपानकडून हरला आणि दुसऱ्याच वर्षी चीनच्या सरकारने १३ विद्यार्थी जपानला शिकायला पाठवले. ज्याने हरवले त्याच्याकडून शिकायचे, असा सरळ हिशेब होता. १९०५ मध्ये चीनमधली शेकडो वर्षांची राजपरीक्षा बंद झाली आणि नोकरीसाठी नव्या विद्येचा दाखला लागू लागला. जपान जवळ, स्वस्त, आणि लिपी निम्मीअधिक ओळखीची. १९०५-०६ पर्यंत टोकियोतल्या चिनी विद्यार्थ्यांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली.

ही मुले प्रांतवार मंडळे करून राहत आणि मंडळाचे मासिक काढत. १९०३ या एका वर्षात हुपे, चच्यांग आणि च्यांगसू या प्रांतांच्या विद्यार्थ्यांची मासिके निघाली. पुढे युन्नानचे आले, हेनानचे आले. चच्यांगच्या मासिकाचे नाव होते 'चच्यांग छाव', म्हणजे चच्यांगची भरती. त्या प्रांतातल्या नदीत समुद्राच्या भरतीची लाट भिंतीसारखी आत घुसते. तिच्यावरून हे नाव घेतले होते. संपादक वीस-पंचवीस वर्षांचे. अंकात राजकारण, लष्कर, शिक्षण, विज्ञान, गावाकडच्या बातम्या, एखादी कथा असा मजकूर असे. छपाई टोकियोत होई, कारण तिथे चिनी बादशाहीच्या पोलिसांचा हात पोचत नसे. मग अंक शांघायमार्गे किंवा सुट्टीत घरी निघालेल्या मुलांच्या ट्रंकांतून चीनमध्ये जात. तिथल्या नव्या शाळांमध्ये एकेक अंक अनेक हातांतून फिरे. आज मास्तर किंवा लष्करी छावणीतला प्रशिक्षक असलेला माणूस काल टोकियोत या मासिकाचा वाचक होता, अशी ती साखळी होती. त्यामुळे चार-दोन मुलांनी खोलीत बसून लिहिलेली गोष्ट थोड्याच दिवसांत वर्गात आणि कवायतीच्या मैदानात ऐकू येई.

या मासिकांत परदेशांवर भरपूर लिहिले जाई. त्यात दोन ठळक वर्ग होते. ज्यांच्यासारखे व्हायचे ते देश एका बाजूला: जपान, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका. ज्यांच्यासारखे होऊ नये ते दुसऱ्या बाजूला: पोलंड, इजिप्त, व्हिएतनाम आणि भारत.

पुढच्यास ठेच

या दुसऱ्या वर्गासाठी चिनी भाषेत एक शब्द रूढ झाला, 'वांगकुओ'. बुडालेला, नष्ट झालेला देश. आपण मराठीत 'पेशवाई बुडाली' म्हणतो, तसाच. अशा देशाचा माणूस तो 'वांगकुओ नू', बुडालेल्या देशाचा गुलाम. 'बुडालेल्या देशांचे इतिहास' हा त्या काळातला एक लोकप्रिय वाचनप्रकारच होता. व्हिएतनामी क्रांतिकारक फान बोई चाऊ यांचे आपल्या देशाच्या बुडण्यावरचे पुस्तक १९०५ मध्ये जपानमधूनच प्रसिद्ध झाले, आणि त्यासाठी त्यांना चिनी पत्रकार ल्यांग छी-छाव यांनी मदत केली.

ल्यांग हे या विद्यार्थ्यांचे आवडते लेखक. १९०१ मध्ये त्यांनी देश गिळण्याच्या नव्या पद्धतींवर एक निबंध लिहिला. भारताबद्दलचा त्यांचा मुद्दा नेमका होता. एका व्यापारी कंपनीने भारत जिंकला; त्यासाठी पैसा भारताचाच वापरला आणि शिपाईही भारताचेच. फितुरी आणि फूट यांवर सारे साधले. उद्या चीनचे हेच होईल, हा त्यांचा इशारा होता. इशारा म्हणून तो खोटा नव्हता. आपल्याकडे दादाभाई नौरोजी आणि टिळक वेगळ्या शब्दांत हेच सांगत होते.

पण ल्यांगचा मुद्दा 'भारत कसा बुडाला' हा होता. विद्यार्थ्यांच्या मासिकांतून तो फिरत राहिला तसा त्याचा अर्थ 'भारतीय मुळातच कसे आहेत' असा होत गेला. घटनेचे रूपांतर स्वभावात झाले. लिहिणाऱ्या मुलांची भारतीयांशी कधी गाठ पडलेली नसे. मजकूर बराचसा जपानी पुस्तकांवरून घेतलेला आणि ती जपानी पुस्तके युरोपीय पुस्तकांवरून. म्हणजे इंग्रजांनी भारतीयांबद्दल जे लिहून ठेवले होते, तेच दोन भाषा ओलांडून इंग्रजांच्या विरोधकांच्या मासिकात आले होते.

शिवाय ताडून पाहायला रस्त्यावर एक भारतीय उभा होताच. शांघायच्या परकीय वसाहतीत १८८० च्या दशकापासून इंग्रजांनी शीख पोलीस नेमले होते. उंच, दाढीवाला, लाल फेट्याचा, हातात दंडुका. रिक्षावाल्याला आणि हमालाला हाकलणारा तोच. लोकांनी त्याला 'लाल डोक्याचा आ-सान' असे तुच्छतेचे नाव दिले. १९०० मध्ये बॉक्सर उठाव मोडायला जे आठ देशांचे सैन्य पेकिंगवर गेले, त्यातल्या इंग्रजांच्या फौजेत भारतीय शिपायांचा भरणा होता. मासिकात वाचायचे की भारतीय गुलाम आहेत, आणि शांघायला उतरल्यावर पाहायचे की खरेच, मालकाची काठी घेऊन उभे आहेत. अशी खात्री पटली की मग कुणी पुढचे प्रश्न विचारत नाही. हा माणूस पंजाबातल्या कुठल्या गावातून आला, त्याच्यावर कर्ज किती, त्याला काय वाटते, हे कोणत्याच अंकात नव्हते.

काय वाटते ते त्यांच्यातल्या एकाने लिहून ठेवले होते. सातव्या रजपूत पलटणीतले ठाकूर गदाधर सिंह १९००-०१ मध्ये चीनमध्ये लढायला गेले आणि परतल्यावर त्यांनी 'चीन में तेरह मास' हे हिंदी पुस्तक लिहिले. लुटलेली गावे पाहून त्यांचे मन विटले होते. हे लोक आपल्याच आशियाचे, आपल्याच देशात जन्मलेला धर्म मानणारे, असे त्यांना वाटले. पण हे पुस्तक हिंदीत होते, आणि टोकियोतली मुले हिंदी पुस्तकांवरून भाषांतरे करत नव्हती.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी म्हण आपल्याकडे आहे. चिनी विद्यार्थ्यांच्या मासिकांना भारतीय माणूस हवा होता तो एवढ्याचसाठी. ठेच लागलेल्याची विचारपूस करण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते.

ओसाकाचा मंडप

१९०३ च्या मार्चमध्ये ओसाकात जपानचे पाचवे राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले. प्रदर्शनाच्या दरवाजाबाहेर खासगी व्यावसायिकांनी 'मानवमंडप' उभारला. टोकियो विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञांचा त्याला सल्ला होता. तिथे जिवंत माणसे ठेवली जाणार होती: जपानच्या उत्तरेचे ऐनू, तैवानचे आदिवासी, ओकिनावाचे लोक, कोरियन, जावाचे, भारतीय आणि चिनी. त्यांचे कपडे, घरे आणि चालीरीती प्रेक्षकांनी तिकीट काढून पाहायच्या.

बातमी फुटताच टोकियोतले चिनी विद्यार्थी खवळले. मासिकांनी आवाज उठवला, वकिलातीकडे तक्रारी गेल्या आणि मंडप उघडण्यापूर्वीच त्यातून चिनी माणसे वगळण्यात आली. विद्यार्थी पत्रकारितेचा तो विजय होता. त्या काळी परदेशात शिकणाऱ्या, सरकारचा आधार नसलेल्या मुलांनी एवढे करून दाखवणे सोपे नव्हते.

पण 'चच्यांग छाव'मधला युक्तिवाद वाचला की विजयाची चव कडू होते. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. भारतीय आणि ओकिनावाचे लोक बुडालेल्या देशांचे आहेत, इंग्रजांचे आणि जपान्यांचे गुलाम आहेत. कोरिया तर आमचे जुने मांडलिक राज्य. जावाचे, ऐनू आणि तैवानचे आदिवासी हे जगातले सर्वांत खालचे लोक, जनावरांपासून जेमतेम एक पायरी वर. आम्ही चिनी कितीही पडलो तरी यांच्या रांगेत आम्हाला बसवावे?

माणसांना पिंजऱ्यासारख्या मंडपात मांडणे चूक आहे, असा आक्षेप नव्हता. आपल्याला चुकीच्या खणात ठेवले, असा होता. थोड्याच दिवसांत ओकिनावाच्या वर्तमानपत्रानेही जवळपास हीच तक्रार केली: आम्हाला ऐनू आणि तैवानच्या रानटी लोकांशेजारी का बसवले? कोरियनांनीही निषेध केला आणि त्यांनाही वगळण्यात आले. प्रत्येकाचे बोट शेजारच्याकडे. डॉ. आंबेडकरांची 'श्रेणीबद्ध विषमता' ही कल्पना माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार ओळखायला वेळ लागणार नाही. उतरंडीतल्या प्रत्येक मडक्याला आपल्या खाली कुणीतरी आहे एवढे समाधान पुरते, आणि उतरंड टिकते.

मंडपातले भारतीय तिथेच राहिले. त्यांच्या बाजूने लिहिणारे एकही मासिक तेव्हा टोकियोत नव्हते.

चार अक्षरे

हेच विद्यार्थी जपानी लोकांच्या नजरेत स्वतः परदेशी होते. रस्त्यात त्यांच्या वेणीची टिंगल होई. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या शिक्षण खात्याने चिनी विद्यार्थ्यांवर देखरेखीचे नियम काढले. हजारो विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. डिसेंबरच्या ७ तारखेला 'आसाही' या मोठ्या वर्तमानपत्राने त्यांच्या वागण्याचे वर्णन स्वैर आणि हीन अशा अर्थाच्या चार चित्राक्षरांत केले. दुसऱ्या दिवशी छेन थ्येन-ह्वा या तीस वर्षांच्या विद्यार्थी लेखकाने ओमोरीच्या किनाऱ्यावर समुद्रात शिरून जीव दिला. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने वर्तमानपत्राला शिव्या दिल्या नाहीत. ही चार अक्षरे विसरू नका, नेमके त्यांच्या उलट वागून दाखवा, असे त्याने मित्रांना सांगितले. परक्याने केलेले वर्णन माणूस किती खोलवर घेतो, याचे याहून विदारक उदाहरण मला माहीत नाही.

त्याच सुमारास सेंदाई या गावात एक चिनी मुलगा वैद्यकी शिकत होता. पुढे लू शुन या नावाने तो चीनचा सर्वांत मोठा लेखक झाला. शंभराहून अधिक मुलांत तो मधल्या क्रमांकाने पास झाला, तेव्हा वर्गातल्या जपानी विद्यार्थी-प्रतिनिधींना संशय आला की प्राध्यापकांनी याला प्रश्न आधीच फोडले असणार. त्यांनी त्याच्या वह्या तपासल्या. वर्गाच्या सभेची सूचना फळ्यावर लिहिली, तीत 'गळती' असा अर्थ निघेल त्या अक्षराशेजारी मुद्दाम खुणा केल्या. ही हकिकत लू शुनने नंतर आठवणीत लिहिली आणि एक बोचरी गोष्ट नोंदवली: चीन दुबळा देश, म्हणजे चिनी माणूस मंदबुद्धीच असणार, साठच्या वर गुण मिळाले तर ते त्याचे नसणारच.

देशाच्या पराभवावरून माणसाची कुवत ठरवायची ही रीत चिनी विद्यार्थ्यांची मासिके भारतीयांना लावत होती. इथे ती त्यांच्यातल्याच एकाला लागली. लू शुन ते विसरला नाही.

एकाच खोलीत

आता चांग ताय-यानकडे. तो विद्यार्थी नव्हता, पण विद्यार्थ्यांचा लाडका पंडित होता. १९०३ मध्ये शांघायच्या 'सुपाव' या पत्रात त्याने मांचू बादशहावर जहाल लिखाण केले. शाळा-कॉलेजांतल्या बंडांच्या बातम्या छापून हे पत्र विद्यार्थ्यांचे मुखपत्रच बनले होते. चांगला तीन वर्षांची शिक्षा झाली. ती त्याने शांघायच्या परकीय वसाहतीच्या तुरुंगात भोगली. तिथे त्याने बौद्ध विज्ञानवादाचे ग्रंथ वाचून काढले. इंग्रजांच्या तुरुंगात असताना भारताचे विचार वाचणारा हा माणूस १९०६ च्या जूनमध्ये सुटला, टोकियोला गेला आणि 'मिनपाव'चा संपादक झाला.

त्यामुळे शिवाजी उत्सवाच्या सभेत बसलेल्या चांगच्या मनातला भारत पोलिसाच्या दंडुक्याचा नव्हता. ओकुमांचे भाषण ऐकून तो थक्क झाला. त्यांनी भारतातल्या इंग्रजी राज्याची तारीफ केली, आणि बाहेरच्या मदतीची वाट न पाहता आपली सुधारणा करा असा उपदेश विद्यार्थ्यांना केला. याचे कारण उघड होते. १९०२ मध्ये झालेला इंग्लंड-जपान करार १९०५ च्या ऑगस्टमध्ये नव्याने झाला तेव्हा त्याच्या कक्षेत भारतही आला होता. रशियाला हरवणारा जपान भारतीय तरुणांचा आदर्श होता, पण त्याच जपानने इंग्रजांचे भारतातले हितसंबंध मान्य केले होते. चांगने हे ढोंग वृत्तान्तात उघडे पाडले.

त्याच अंकात त्याने टोकियो सोडून निघालेल्या दोन भारतीय मित्रांना निरोप देणारा लेख लिहिला. त्यात एका भारतीयाच्या तोंडी एक दृष्टान्त आहे. भारत, चीन आणि जपान मिळून एक घडीचा पंखा आहे: भारत त्याचा कागद, चीन त्याच्या बांबूच्या काड्या आणि जपान त्या काड्या एकत्र बांधणारी दोरी. जपानकडून केलेल्या अपेक्षेचे पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. पण चिनी विद्यार्थ्यांच्या वाचनात इथे एक मोठा बदल झाला होता. पानावरचा भारतीय आता बोलत होता. त्याला नाव होते, मत होते आणि उपमा द्यायची हौसही होती.

१९०७ मध्येच टोकियोत आशियाई बंधुत्वाची एक संघटना निघाली. चांग तिच्या प्रवर्तकांपैकी होता. एका सहभागी जपानी समाजवाद्याच्या आठवणीनुसार तिची पहिली बैठक भारतीय विद्यार्थी राहत त्या घरात झाली. साम्राज्यवादाला विरोध करायचा आणि एका देशात क्रांती झाली तर इतरांनी मदत करायची, असा तिचा मसुदा होता. कोरियन मात्र आले नाहीत. जपानी माणसे असतील तिथे आम्ही बसणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बंधुत्वाच्या पहिल्याच बैठकीत ही एक खुर्ची रिकामी राहिली.

चांगला साधू करण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांमध्ये त्याला काय दिसले? परक्या बादशाहीविरुद्ध उठलेला राजा. ती परकी बादशाही त्याने लगेच आपल्या घरी बसवली: मोगल म्हणजे मांचू. मांचू लोक अडीचशेहून अधिक वर्षे चीनमध्ये राहत होते. तरीही क्रांतिकारी मासिकांत त्यांची चित्रे रानटी परके म्हणून रंगवली जात, आणि त्या लिखाणात चांगचा हात मोठा होता. १९११ च्या क्रांतीत काही शहरांत मांचू वस्त्यांवर जी कत्तल झाली, तिची भाषा अशा लिखाणाने आधीच तयार करून ठेवली होती. दूरच्या भारतीयाला माणूस म्हणून पाहणारा संपादक घराशेजारच्या मांचूला तसे पाहू शकला नाही. महाराजांच्या नावाचा असा उपयोग आपल्याकडेही झाला आहे, तेव्हा यात चिन्यांना हसण्यासारखे काही नाही.

'हेनान'मधला निबंध

सेंदाई सोडून लू शुन १९०६ मध्ये टोकियोला आला. १९०८ मध्ये तो चांगच्या वर्गांना जाऊ लागला आणि 'हेनान' या विद्यार्थी मासिकात लिहू लागला. त्या वर्षीच्या एका लेखात त्याने आपल्या देशातले एक दृश्य टिपले. रस्त्याने शिपाई जात आहेत आणि मोठ्याने लष्करी गाणे म्हणत आहेत. गाण्यात भारतीयांच्या आणि पोलिश लोकांच्या गुलामी वृत्तीची निंदा आहे. अशी गाणी खरोखर होती; शाळांतही ती शिकवली जात. मासिकांत जो भारतीय तयार झाला होता, तो आता कवायतीच्या ठेक्यावर चालत होता. निबंध विसरता येतो, पण लहानपणी पाठ केलेले गाणे सहसा विसरत नाही.

डिसेंबर १९०८ च्या अंकात लू शुनने या प्रवृत्तीवर थेट लिहिले. बलवानाची पूजा आणि दुबळ्याची टवाळी करणाऱ्या देशभक्तीला त्याने पशूची देशभक्ती म्हटले. त्याचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी कृतज्ञतेची. भारताने प्राचीन काळापासून आपल्याला विचार, श्रद्धा आणि कला दिल्या. भावंडांचे नातेही याहून जवळचे नसेल. असा देश संकटात असता दुःख व्हायला हवे, हसू कसे येते? दुसरी पायरी आरशाची. आपण स्वतः तोच जुलूम सोसला आहे, तरी जुलूम करणाऱ्याच्या बाजूने टाळ्या का वाजवतो? कारण फार काळ दबून राहिलेल्या माणसाला सुटका म्हणजे दुसऱ्याला दाबणे, एवढेच सुचते.

वाचकाच्या बाजूनेच लढणाऱ्या मासिकात वाचकालाच असे सुनावणे सोपे नसते. निबंध अपुरा राहिला. 'हेनान' नऊ अंकांनंतर बंद पडले. त्याआधी ऑक्टोबर १९०८ मध्ये चिनी बादशाहीच्या विनंतीवरून जपान सरकारने 'मिनपाव'वर बंदी घातली होती.

कोण जिंकले

टिकले ते गाणे. 'बुडालेल्या देशाचा गुलाम' ही शिवी टिकली, शांघायच्या पोलिसाचे टोपणनाव टिकले. टोकियोत एके काळी चांगच्या वर्तुळात असलेल्या छेन तू-श्यूने १९१५ मध्ये तरुणांसाठी मासिक काढले, तेव्हा दुसऱ्याच अंकात 'गीतांजली'तल्या काही कवितांचे भाषांतर दिले. पण १९२४ मध्ये रवींद्रनाथ चीनला गेले तेव्हा त्यांच्यावर कडाडून टीका करणाऱ्यांत छेन पुढे होता. विरोध करणाऱ्या तरुणांनी पत्रके वाटली, आणि टागोरांच्या विचारांवरच्या मतभेदाबरोबर 'बुडालेल्या देशाचा माणूस' हा जुना टोमणाही बाहेर आला. दुसऱ्या वर्षी, ३० मे १९२५ ला, शांघायच्या नानकिंग रस्त्यावर एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमावरून पोलिसांनी विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्या पोलिसांत शीख होते, तसे चिनीही होते.

आपली बाजूही स्वच्छ नव्हती. 'अफूच्या गुंगीत पेंगणारा चिनी' हे चित्र आपल्या बोलण्या-लिहिण्यात वर्षानुवर्षे होते. त्या चित्रात अफू कुठून आली हे नसे. माळव्याची अफू आपल्याच मुंबई बंदरातून चीनला जात होती, आणि त्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या दानशूरपणाच्या खुणा मुंबईत आजही दिसतात. चिनी मुलांना भारतीय पोलीस दिसत होता पण त्याचे गाव दिसत नव्हते. आपल्याला गुंगलेला चिनी दिसत होता पण आपले जहाज दिसत नव्हते.

या मासिकांनी मुद्दाम खोटे छापले, असे म्हणता येत नाही. भारत खरेच बुडाला होता आणि शांघायचा पोलीस खरेच दंडुका मारत होता. घात झाला तो वेगळ्या ठिकाणी: लेखातल्या परक्याला फक्त उदाहरण म्हणून आत घेतले गेले. वाचक जागा व्हावा, लाजावा, चिडावा यासाठी त्याचा वापर झाला. हेतू देशप्रेमाचा असल्यामुळे कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. आणि वाचक जागा झाल्यावरही ते उदाहरण त्याच्या मनात तसेच पडून राहिले, कारण ते परत घेणारा मजकूर फार उशिरा आणि फार थोड्या पानांत आला.

चांग आणि लू शुन यांची पाने वेगळी झाली, त्याचे कारण त्यांचे मन मोठे होते एवढेच नाही. एकाने भारतीयांशी बोलून लिहिले. दुसऱ्याला स्वतः परका असण्याचा अनुभव होता आणि त्याने तो दुसऱ्यावर उलटवण्याऐवजी दुसऱ्याला समजून घ्यायला वापरला. या दोन्ही गोष्टी कुठल्याही विद्यार्थी संपादकाला करता येण्यासारख्या आहेत. पुण्यात आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून आलेली मुले आज शिकत आहेत. त्यांना भाड्याने घर मिळताना काय त्रास होतो, रिक्षाची वाट पाहताना काय ऐकावे लागते, हे त्यांच्या वर्गमित्रांना ठाऊक असते. कॉलेजच्या वार्षिक अंकात ही मुले बहुधा स्नेहसंमेलनाच्या रंगीत पानांवर, आपापल्या देशाच्या पोशाखात उभी दिसतात. त्याच अंकातले एखादे पान त्यांच्याकडून लिहून घेता येईल. नाहीतर तोही एक मंडपच, फक्त तिकीट नसलेला.